दादांचा एकच काळ

इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ कधी वापरायचा, हे मी इतकी वर्षं शिकवतेय आणि इतकी वर्षं ते कुणी मनावर घेत नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते : रोजचं, नेहमीचं, कायमचं असेल तर साधा वर्तमानकाळ. पोरं माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात, आणि मधली सुट्टी झाली की त्यांतलाच एकजण छाती काढून सांगतो, ‘माय फादर इज हॅविंग टू बुलक्स.’ अरे लेकरा, बैल काय आत्ता घटकाभर बापाजवळ आलेत आणि शाळेची घंटा झाली की जाणार आहेत? नेहमीचेच आहेत ना? मग ‘हॅज’ म्हण की! माझा आवाज चढतो, शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खिडकीतून डोकावतात, आणि पोरगं गोंधळून म्हणतं, ‘येस मॅडम, आय ॲम अंडरस्टँडिंग.’

घ्या!

खरं तर मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही. ‘मी चहा पिते’ आणि ‘मी चहा पितेय’ यांतला फरक दूधपित्या पोराला कळतो. पहिलं माझी सवय सांगतं, दुसरं सांगतं की आत्ता कप हातात आहे, जरा थांबा. पण इंग्रजी म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांना ‘इज’ आणि ‘इंग’ लावल्याशिवाय चैन पडत नाही. त्यानं वाक्य जरा भारी वाटतं म्हणे.

माझ्या सगळ्या शिकवण्यात हा काळ ज्यानं खऱ्या अर्थानं मनावर घेतला असा विद्यार्थी एकच. तो शाळेत नव्हता, घरात होता. माझे सासरे. घरात लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणतात.

आमचं घर तुळजापुरात, पुजाऱ्याचं. माझं माहेर बेंबळीचं, शेतकऱ्याचं, त्यामुळं लग्न होऊन आले तेव्हा इथल्या पुष्कळ गोष्टी मला नव्या होत्या. देवीच्या पूजेला बाहेरगावाहून जी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पुजाऱ्याकडं येतात, त्यांना इथं यजमान म्हणतात. ते आले की आमच्याच घरी उतरायचे, जेवायचे, पोरांची लग्नं ठरल्याचं आधी आम्हाला सांगायचे. नात्यातले नाहीत, पण सोयऱ्यांपेक्षा जवळचे.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे पलंगांची. आमची देवी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राच्या आधी, दसरा झाल्यावर कोजागरीपर्यंत, आणि पौषात. मूर्ती सिंहासनावरनं उचलून पलंगावर निजवतात. देवी पलंगावर निजली की आमच्या घरात कुणी पलंगावर झोपत नाही. पलंग उचलून भिंतीला उभे करायचे, गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकायच्या आणि सगळ्यांनी जमिनीवर चादर टाकून पडायचं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नवी नवरी मी. सकाळी उठून बघते तर सासरे आणि नवरा मिळून घरातले पलंग भिंतीला लावतायत. मला वाटलं, अरे देवा, या घरात ढेकूण झालेत! मी गुपचूप आईला फोन करून विचारलं की कुठलं औषध आणू. ते आत्यांनी ऐकलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पुढं वर्षभर घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी तो किस्सा हसून हसून सांगितला.

आमच्या यजमानांत सोलापूरचे एक काका होते. चादरींचा धंदा. वयानं दादांच्या बरोबरीचे, आणि दादांचे जिवाभावाचे दोस्त. बाकी यजमानांना दादा ‘तुम्ही’ म्हणायचे, यांना अरे-तुरे. काका दरवर्षी दसऱ्याला येताना घरासाठी एक नवी कोरी चादर आणायचे आणि ती अंथरण्यावरून दोघांचं दरवर्षी भांडण व्हायचं. काका म्हणायचे, चादरीला सुलट बाजू असते, मोर वर आला पाहिजे. दादा म्हणायचे, दोन्ही बाजू सारख्याच, चादर ती चादर. मग काका आंघोळीला गेले की दादा मुद्दाम ती उलटी अंथरून ठेवायचे. काका आले की बघायचे, कपाळावर हात मारायचे आणि बोलत बोलत सुलटी करायचे. दोघं आजोबा झाले तरी हे चालू होतं. आत्या म्हणायच्या, ‘ह्यांना दोघांना एका शाळंत घालायला पायजे.’

पुढं काकू वारल्या, आणि काकांचा मुलगा त्यांना आपल्याजवळ कॅनडाला घेऊन गेला. येणं संपलं, पण दसऱ्याला फोन यायचा. दादा घरातल्या सगळ्यांना गप्प करून ओरडून बोलायचे, जसं काही कॅनडा लांब आहे म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं. मग एका दसऱ्याला फोन आला नाही. पुढच्याही नाही. दादांनी लावून बघितला तर नंबर बंद. आणि मग कधीतरी सोलापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं की काका गेले. तेही होऊन दोन-तीन महिने झाले होते.

दादा त्यानंतर बरेच दिवस चिडचिड करायचे. रडले असते तर बरं झालं असतं. ‘पोरानं कळवलं न्हाय ते सोड,’ ते म्हणायचे, ‘पण त्यानं फोन का बंद केला? शेवटच्या फोनला मी त्याला बोललो व्हतो, की लेका, एकदा येऊन जा, देवी काय कॅनडाला येती व्हय. त्याचा राग धरला का विसरला?’ आम्ही म्हणायचो, अहो आजारी असतील, वय झालं. ते म्हणायचे, ‘आजारी माणूस विसरतो व्हय?’ आणि उठून बाहेर जायचे. जेवताना मधेच हात थांबला की आम्हाला कळायचं, दादा कॅनडात गेले.

गेल्या वर्षी गणपती बसायच्या सुमाराला माझ्या नवऱ्याच्या फोनवर एक संदेश आला. काकांची नात येणार होती. दसऱ्याच्या सुमाराला पुण्याला मैत्रिणीचं लग्न होतं, तिथून एक दिवस तुळजापूरला येऊन आजोबांच्या नावानं देवीला अभिषेक करायची तिची इच्छा होती. मराठी येत नाही, माफ करा, असंही लिहिलं होतं.

दादांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मला समोर बसवलं. ‘मला इंग्रजी शिकव. लई नको. कामापुरतं.’

मी म्हटलं, ‘दादा, मी आहे ना. तुम्ही बोला, मी सांगते तिला.’

‘तू मधी बोलायची न्हाईस,’ दादा म्हणाले. ‘मला तिला एक गोष्ट विचारायची हाय. त्याला आमची शेवटपत्तर आठवण व्हती का न्हाय, एवढंच. असलं दुसऱ्याच्या तोंडानं विचारत न्हाईत.’

मी हिशोब केला. दसऱ्यापर्यंत वेळ थोडा. सगळे काळ शिकवायला गेले तर एकही धड यायचा नाही. मी ठरवलं, एकच काळ. साधा वर्तमानकाळ. पुजाऱ्याच्या घरात सांगायचं ते सगळं नेहमीचंच असतं, त्यात भागेल.

पहिल्या दिवशी मी पुस्तकातलं वाक्य घेतलं. सूर्य पूर्वेला उगवतो. ‘द सन राइजेस इन द ईस्ट.’

दादांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. ‘हे तिला कशाला सांगायचं? तिकडं काय पश्चिमेला उगवतो?’

‘अहो, हे उदाहरण आहे. जे कायम खरं आहे ते या काळात सांगतात.’

‘मग कामाचं काहीतरी सांग की.’

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘देवी वर्षातून तीनदा झोपती.’ झालं, तेच आमचं पहिलं वाक्य. ‘देवी स्लीप्स थ्री टाइम्स अ इयर.’ दादा ते दिवसभर म्हणत होते. आंघोळ करताना, जानवं नीट करताना, दूधवाल्याला पैसे देताना. दूधवाला मला विचारून गेला, दादांची तब्येत बरी आहे ना.

एकट्या माणसाबद्दल बोलताना क्रियापदाला जो ‘एस’ लागतो, त्याचं नाव दादांनी शेपूट ठेवलं. आत्या कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या असायच्या. मी दादांना म्हटलं, घरातल्या एखाद्या माणसाबद्दल काही नेहमीचं सांगा, तर दादा आढ्याकडं बघत बसले. तेवढ्यात आत्या लसणातून मान वर न करता म्हणाल्या, ‘ही ईट्स. ही स्लीप्स. ही शाउट्स.’

‘अगं शाउट कुठनं शिकलीस तू?’ दादा ओरडले.

‘हे काय, आत्ता ऐकतेय ना!’ आत्या म्हणाल्या. मी चहा नाकात जाईपर्यंत हसले.

वेळापत्रकही याच काळात सांगतात, हे सांगायला गेले आणि फसले. ‘म्हणजे गाडी दहाला निघते, असं.’ दादा म्हणाले, ‘तुझ्या माहेरच्या जीपला हे चालायचं न्हाय.’ आमच्या बेंबळीच्या रस्त्याला वडाप चालतं. त्या जीपला वेळ नसते, माणसं भरली की निघते, आणि भरली म्हणजे ड्रायव्हर अर्धा बाहेर आला पाहिजे. मी जरा रागातच म्हटलं, ‘मग तसं सांगा! द जीप लीव्हज व्हेन इट फिल्स. नेहमी तसंच होतं ना? मग तेही याच काळात बसतं.’ दादांनी मांडीवर थाप मारली. ‘वा! म्हणजे वेळ नसली तरी चालंल, रीत पायजे.’

मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिते त्यापेक्षा हे बरं होतं. आता वर्गात मी असंच सांगते.

सगळं छान चाललं होतं आणि नवरात्रात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी येणार होती ती तारीख मी कॅलेंडरात बघितली. दसरा झाल्यावर, कोजागरीच्या आधी. म्हणजे देवी झोपलेली! देवी झोपली की अभिषेक बंद. ती पोर सातासमुद्रापलीकडून ज्या एका गोष्टीसाठी येतेय, तीच होणार नाही.

‘तुम्ही तिला काय कळवलं होतं?’ मी नवऱ्याला विचारलं.

‘एनी टाइम वेलकम,’ नवरा म्हणाला.

‘एनी टाइम? पुजाऱ्याच्या घरात जन्माला आलात ना तुम्ही?’ माझं डोकंच फिरलं. ‘दारात भाजीवाला विचारतो, देवी कधी झोपणार, कधी उठणार, आणि तुम्ही एनी टाइम कळवता!’

दादांना सांगावं लागलं. ते एवढंच म्हणाले, ‘एनी टाइम म्हंजे केव्हाही व्हय? देवीला विचारलं व्हतं का?’ तिला कळवून बघितलं, पण विमानाची तिकिटं काढलेली, लग्न ठरलेलं, तारीख हलेना. तिनं लिहिलं, काही हरकत नाही, मी येते. दादांचा चेहरा पडला तो पडलाच. ‘त्याची नात माझ्या दारात येणार आन मी तिला न्हाय म्हणणार,’ ते म्हणत होते. मला त्यांची फार दया आली, आणि नवऱ्याचा राग आला तो वेगळा.

त्यात आणखी एक घोळ. दादांना जो प्रश्न विचारायचा होता, तो भूतकाळातला. आठवण होती का? मी म्हटलं, ‘दादा, काका आता नाहीत. त्याला ‘डिड’ लागतं. वेगळा काळ आहे तो. म्हणून बघा, डिड ही रिमेंबर अस?’ दादांनी दोनदा म्हणून बघितलं, जीभ अडखळली, आणि ते वैतागले. ‘मला एकच काळ येतो. त्यात बसंल तसं विचारीन. तुझं ते डिड राहू दे तुझ्या शाळंत.’ मी पुष्कळ समजावलं. ऐकतील तर ते दादा कसले!

ती आली त्या दिवशी कोजागरीला पायी येणारी माणसं रस्त्याला लागली होती. गावात कुंकवाचा सडा, हलगीचा आवाज. सोलापूरहून भाड्याची गाडी करून ती सकाळी पोचली. विशीतली असेल, जीन्सवर नवा कुर्ता, केस काकांसारखे कुरळे. दादांनी दारातच तिच्या केसांकडं बघितलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. शेवटी म्हणाले, ‘कम. ईट.’

आधी दर्शनाला गेलो. देवी पलंगावर निजलेली होती. पोरगी टक लावून बघत राहिली आणि मग हळूच माझ्या कानात विचारलं की देवी आजारी आहे का. मी सांगणार, तेवढ्यात दादांनी मला हातानं मागं सारलं. आणि काय सांगू! शिकवलेलं सगळं त्या माणसाच्या तोंडून सरळ बाहेर आलं. ‘नो, नो. शी वर्क्स. नाइन डेज शी फाइट्स. देन शी स्लीप्स. नो अभिषेक. सॉरी, बाळ.’ नऊ दिवस लढते, मग झोपते. पोरीला कळलं. तिचे डोळे भरले, पण ती मान हलवून म्हणाली, ‘ओके. लेट हर स्लीप.’ झोपू दे तिला. माझी शाळेतली पोरं असती तर मी त्या दिवशी दादांच्या नावानं टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

घरी येऊन जेवणं झाली. आत्यांनी शेंगोळी केली होती, वर भूमच्या खव्याचे पेढे. पोरीनं शेंगोळी बोटं चाटून खाल्ली. विमानाचा, लग्नाचा, गाडीचा शिणवटा होता, तिला बसल्या जागी पेंग यायला लागली. आत्या म्हणाल्या, जरा पड म्हणावं तिला. मी तिला मधल्या खोलीत नेलं. खोलीत पलंग भिंतीला उभे होते आणि आत्यांनी जमिनीवर काकांनीच आणलेली मोराची चादर टाकली होती.

पोरगी उंबऱ्यातच थांबली.

मला वाटलं, जमिनीवर झोपायचं म्हणून संकोचली. मी म्हणाले, तुला लागेल का, उशी आणखी देऊ का. तिचं लक्षच नव्हतं. ती एकदा पलंगांकडं बघत होती, एकदा चादरीकडं. मग तिनं इंग्रजीत विचारलं, ‘हे असं का केलंय?’

दादा माझ्या मागं येऊन उभे होते. हे त्यांना येत होतं, याचा तर आम्ही रोज सराव केला होता. ‘देवी स्लीप्स ऑन द बेड,’ ते म्हणाले. ‘सो वी स्लीप ऑन द फ्लोअर. एव्हरी टाइम.’

आणि मग, ती काही बोलायच्या आत, त्यांनी तो प्रश्न विचारून टाकला. इतके दिवस साठवलेला, चुकीच्या काळातला. ‘युवर ग्रँडफादर... रिमेंबर्स अस?’

पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली आणि एकदम भिंतीला टेकून खाली बसली. रडायला लागली. आत्या धावत आल्या, म्हणाल्या, काय केलंत हो तुमी तिला! दादा घाबरून माझ्याकडं बघायला लागले.

जरा वेळानं ती बोलली. भराभर, इंग्रजीत, चादरीवर हात फिरवत, गादी उचलल्याची, खाली उतरल्याची हातानं खूण करत. आजोबा वर्षातून काही दिवस गादी उचलून भिंतीला लावायचे आणि अशीच एक चादर टाकून जमिनीवर झोपायचे. ऑक्टोबरच्या आसपास दोनदा, आणि ऐन थंडीत एकदा. तिकडची थंडी! तिचे वडील ओरडायचे, आई म्हणायची पाठ दुखत असेल. विचारलं तर हसायचे नुसते. मग त्यांची वाचा गेली, फोन बघायचे पण काय करायचं ते सुचायचं नाही, म्हणून घरच्यांनी तो नंबरच बंद केला. माणसं ओळखेनात. आणि शेवटी शेवटी ते रोजच पलंगावरून खाली उतरायला लागले. पडतील म्हणून पलंगाला कठडे लावले, तर कठड्यावरून उतरायचे. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. एकदा ती स्वतः त्यांच्यावर ओरडली होती, की आजोबा, माणसासारखं पलंगावर झोपा ना.

‘आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं,’ ती म्हणाली. ‘कुणालाच.’

मी दादांना मराठीत सांगायला तोंड उघडलं. दादांनी हात वर केला. ‘समजलं मला.’ ते बोटांवर काहीतरी मोजत होते. ‘नवरात्राआधी एक, दसऱ्यानंतर एक, पौषात एक. बरोबर हाय त्याचं.’ मग थांबले. ‘आन शेवटी त्याला दिवस कळंना झाले असतील. कुठला दिवस निजंचा आन कुठला न्हाय, समजंना. चुकायला नको म्हणून मग रोजच खाली झोपायचा.’

आत्यांनी पदर तोंडाला लावला होता.

‘आमची रीत ही, यजमानांना लागू न्हाय, असं म्या त्याला पहिल्यांदा आला तवा सांगितलं व्हतं,’ दादा म्हणाले. ‘त्याच्यासाठी एक पलंग खाली घातला व्हता म्या. तर मला म्हणाला, तुझीच आई झोपती व्हय रे, माझी न्हाय का? आन पडला माझ्या शेजारी जमिनीवर.’ हे मी पोरीला इंग्रजीत सांगितलं. सांगताना कुठला काळ वापरला देव जाणे.

दादा तिच्याजवळ खाली बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘विसरला न्हाय,’ ते मराठीतच म्हणाले. पुन्हा म्हणाले, ‘विसरला न्हाय गं पोरी.’ तिला मराठी येत नव्हतं, पण ती मान हलवत होती.

मग ती त्या चादरीवर झोपली. चांगली संध्याकाळपर्यंत झोपली. दादा सोप्यात दाराला बसून राहिले आणि कुणी मोठ्यानं बोललं की हातानं गप्प करत होते. निघताना आत्यांनी तीच चादर घडी करून तिच्या पिशवीत कोंबली. ती ‘बाय’ म्हणाली. मी तिला सांगितलं, इथं ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. ती गाडीच्या खिडकीतून ‘येते’ म्हणाली, आणि आमच्या गल्लीतली सगळी माणसं हसली.

त्यानंतर दादांची ती चिडचिड गेली. जेवताना हात मधेच थांबायचा बंद झाला. इंग्रजी मात्र त्यांनी सोडलं नाही. मी घरात काही म्हटलं की मलाच ‘शी शाउट्स’ म्हणायला लागले.

यंदा दसरा झाला, पलंग भिंतीला लागले आणि दुसऱ्या दिवशी तिचा संदेश आला. फोटो होता. तिकडची खोली, खिडकीबाहेर लाल पानांचं झाड, भिंतीला टेकवून उभी केलेली गादी आणि जमिनीवर ती चादर. खाली लिहिलं होतं, ‘शी स्लीप्स. आय स्लीप ऑन द फ्लोअर. एव्हरी इयर.’ बघा, एका ओळीत दोन्ही ठिकाणी काळ बरोबर! मी फोन घेऊन नाचतच दादांकडं गेले.

दादांनी चष्मा लावला. फोटो मोठा करायला सांगितला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मला वाटलं, आता रडतात.

‘चादर उलटी अंथरलीय पोरीनं,’ दादा म्हणाले. ‘मोर खाली गेला. तिला लिहून धाड, ही बाजू वर येती म्हणावं.’

आत्या स्वयंपाकघरातून हसल्या. ‘अहो, जल्मभर तुमीच भांडला ना, दोन्ही बाजू सारख्या म्हणून!’

‘तवा तो व्हता सुलटी करायला,’ दादा म्हणाले.

मी लिहायला घेतलं. दादा शेजारी बसून सांगत होते, दरवर्षी म्हण, दरवर्षी मोर वरच असतो.